सामायिक एसएसएल प्रमाणपत्र : मांडणी, मर्यादा आणि पर्याय

एका सर्व्हरवर नांदणाऱ्या अनेक संकेतस्थळांसाठी होस्टिंग सेवादात्याच्या नावाचे एकच सुरक्षा प्रमाणपत्र वापरले जाते, तेव्हा त्यास सामायिक किंवा शेअर्ड एसएसएल प्रमाणपत्र म्हणतात. एसएसएल ही पद्धत नेटस्केप कंपनीने विकसित केली. १९९९ साली तिची जागा टीएलएस या प्रमाणित पद्धतीने घेतली. बोलण्यात मात्र जुनेच नाव टिकून राहिले.

प्रमाणपत्राची कामे दोन. ग्राहक व सर्व्हर यांच्यातील मजकूर कूटबद्ध करण्यास ते आधार देते आणि समोरचे संकेतस्थळ कोणाचे, याची ग्वाही देते. सामायिक प्रमाणपत्राने पहिले काम साधते; दुसरे अर्धवट राहते, कारण ग्वाही दुकानदाराच्या नावाची नसून सेवादात्याच्या नावाची असते.

ही प्रथा का पडली?

पूर्वी ब्राउझरला कोणते संकेतस्थळ हवे आहे हे कळण्याआधीच सर्व्हरला प्रमाणपत्र दाखवावे लागे. म्हणून प्रत्येक प्रमाणपत्रासाठी स्वतंत्र आयपी पत्ता लागत असे. पत्ता आणि प्रमाणपत्र या दोहोंचा खर्च लहान व्यावसायिकांना जड जाई. सामायिक प्रमाणपत्र ही त्यावरची काटकसरीची तोड होती.

मांडणी कशी होते?

सर्व्हरचालक खाजगी व सार्वजनिक किल्ल्यांची जोडी तयार करतो. सार्वजनिक किल्ली आणि सर्व्हरचे नाव असलेला अर्ज प्रमाणन संस्थेकडे जातो. खाजगी किल्ली सर्व्हरवरच, केवळ प्रशासकालाच वाचता येईल अशी ठेवली जाते. नावावरील ताबा सिद्ध झाल्यावर मिळालेले प्रमाणपत्र, त्यास मूळ संस्थेशी जोडणाऱ्या मधल्या प्रमाणपत्रासह, ४४३ क्रमांकाच्या पोर्टसाठी बसवले जाते. त्यानंतर ग्राहकांची पाने दोन प्रकारे उघडता येतात. एकात सर्व्हरच्या नावापुढे ग्राहकाच्या खात्याचे नाव येते. दुसऱ्यात प्रत्येकास उपडोमेन मिळते व ‘वाइल्डकार्ड’ प्रमाणपत्र वापरले जाते. असे प्रमाणपत्र उपडोमेनाच्या एकाच पातळीपुरते चालते. दोन्ही प्रकारांत पानावरील चित्रांचे व स्क्रिप्टचे दुवे ‘एचटीटीपीएस’ने सुरू व्हावे लागतात.

धोका कोठे आहे?

ग्राहकाने हेच प्रमाणपत्र स्वतःच्या डोमेनवर वापरले, तर नावे जुळत नाहीत आणि ब्राउझर इशारा देतो. खात्याच्या नावाच्या पद्धतीत त्याहून गंभीर उणीव आहे : ब्राउझरच्या लेखी त्या सर्व्हरवरील सारी खाती एकच संकेतस्थळ ठरतात. परिणामी एका खात्यातील घातक स्क्रिप्टला शेजारच्या खात्याच्या कुकीज वाचण्याची वाट मिळू शकते. पैशांचे व्यवहार होणाऱ्या पानासाठी ही पद्धत म्हणूनच योग्य नव्हे. उपडोमेन स्वतंत्र असल्यास हा धोका बराच कमी होतो.

आजचा पर्याय

ब्राउझरने जोडणीच्या आरंभीच संकेतस्थळाचे नाव सांगण्याची ‘एसएनआय’ ही सोय २००३ साली प्रमाणित झाली. विंडोज एक्सपीवरील इंटरनेट एक्सप्लोररला ती समजत नसल्याने तिचा सार्वत्रिक वापर लांबला. आज एकाच आयपी पत्त्यावर अनेक स्वतंत्र प्रमाणपत्रे सुखेनैव नांदतात. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था २०१५ पासून प्रमाणपत्रे विनामूल्य देते. त्यांची मुदत अल्प असल्याने नूतनीकरण स्वयंचलित ठेवावे लागते. काटकसरीचे मूळ कारणच उरले नसल्यामुळे, सामायिक प्रमाणपत्र सेवादात्याच्या चाचणी पानांपुरते ठेवून ग्राहकांची माहिती घेणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाने स्वतःच्या नावाचे प्रमाणपत्र बसवणे हेच हिताचे ठरते.