फ्रँकफुर्टचे स्वयंपाकघर : गृहरचनेच्या इतिहासातील एक प्रकरण

वास्तुकलेच्या इतिहासात राजवाडे, मंदिरे व दुर्ग यांना जे स्थान लाभले, ते स्वयंपाकघरास फारसे कधी लाभले नाही. वस्तुतः घरातील सर्वांत अधिक श्रम ज्या जागेत होतात ती जागा हीच होय. कोणत्याही समाजात श्रमाची वाटणी कशी झाली होती, नोकर कोणास परवडत होते आणि स्त्रीच्या वेळेस किती मोल दिले जात होते, हे जाणून घ्यावयाचे असल्यास घराच्या दर्शनी भागापेक्षा त्याच्या स्वयंपाकघराचा आराखडा पाहणे अधिक उद्बोधक ठरते. आज नवे घर बांधताना अथवा जुन्याचे नूतनीकरण करताना भिंतीलगत बसविलेली कपाटे, सलग ओटा, त्याखालच्या ट्रॉल्या आणि दिवाणखान्याकडे उघडणारे स्वयंपाकघर यांची निवड सर्वत्र होताना दिसते. ही रचना केवळ अभिरुचीतून उद्भवलेली नाही. तिच्यामागे सुमारे पावणेदोनशे वर्षांचा विचार आहे, आणि त्या विचाराचा मध्यबिंदू १९२६ मधील फ्रँकफुर्ट शहर हा आहे.

या विचाराचा उगम मात्र अमेरिकेत झाला. कॅथरिन बीचर या शिक्षणतज्ज्ञ स्त्रीने १८४१ मध्ये गृहव्यवस्थेवर एक ग्रंथ लिहिला, आणि १८६९ मध्ये आपली भगिनी हॅरिएट बीचर स्टो हिच्यासह दुसरा ग्रंथ प्रसिद्ध केला. या दुसऱ्या ग्रंथात तिने आगबोटीवरील स्वयंपाकाच्या खोलीचा दाखला दिला. तेथे अल्प जागेत प्रत्येक वस्तू हाताशी असते, मग घरात गृहिणीने दिवसभर येरझारा का घालाव्यात, असा तिच्या प्रतिपादनाचा मथितार्थ होता. नोकरांवाचून चालणारे कुटुंब हा तिचा आदर्श असल्यामुळे श्रमाची बचत हा प्रश्न तिच्या दृष्टीने नैतिक स्वरूपाचा होता. पुढे फ्रेडरिक टेलर याने १९११ मध्ये कारखान्यातील कामाच्या शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे मांडली. दोनच वर्षांनी, १९१३ मध्ये, क्रिस्टिन फ्रेडरिक हिने तीच तत्त्वे घरकामास लावून दाखविली. तिच्या ग्रंथाचा जर्मन अनुवाद इरेने विट्टे हिने केला. व्हिएन्नातील मार्गारेटे लिहोत्स्की या तरुण स्त्री-वास्तुविशारदाच्या वाचनात तो आला.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची तीव्र टंचाई निर्माण झाली होती. फ्रँकफुर्ट नगरपालिकेने १९२५ मध्ये एर्न्स्ट माय याच्याकडे नगररचनेचे काम सोपविले. त्याने कामगार व कनिष्ठ मध्यम वर्ग यांच्यासाठी वसाहतींची मोठी योजना हाती घेतली. घरे लहान ठेवणे भाग असल्यामुळे प्रत्येक हात जागेचा हिशेब करावा लागे. माय याने लिहोत्स्कीस व्हिएन्नाहून पाचारण केले, आणि १९२६ मध्ये तिने जी रचना सिद्ध केली तीच ‘फ्रँकफुर्टचे स्वयंपाकघर’ या नावाने ओळखली जाते.

हे स्वयंपाकघर सुमारे १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब होते. म्हणजे त्याचे क्षेत्रफळ साडेसहा चौरस मीटरच्या आसपास भरे. आगगाडीच्या भोजनडब्यातील पाकगृह हा त्याचा नमुना होता. खिडकीखाली बीच लाकडाचा कामाचा फळा बसविलेला असून त्यासमोर फिरते स्टूल असे, म्हणजे चिरणे-निवडणे बसून करता येई. केरकचरा सारून टाकण्यासाठी फळ्यातच खाच ठेवलेली होती. पीठ, तांदूळ, साखर यांसाठी ॲल्युमिनियमचे कप्पे होते. त्यांना मूठ व ओतण्याजोगे तोंड असल्यामुळे हवा तेवढा जिन्नस थेट भांड्यात ओतता येई. इस्त्रीची फळी भिंतीवर दुमडून ठेवता येई. दिवा छताच्या पट्टीवरून पुढेमागे सरकविता येई. कपाटांना निळसर-हिरवा रंग देण्यात आला, कारण त्या रंगावर माशा बसत नाहीत असा तत्कालीन समज होता. शेजारच्या खोलीकडे सरकते दार ठेवून शेगडीपासून जेवणाच्या मेजापर्यंतचे अंतर तीन मीटरच्या आत राखण्यात आले होते. त्यामुळे आईस काम करता करता मुलांकडे लक्ष ठेवता येईल, अशी अपेक्षा होती. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसविण्यात आली. ती घराच्या बांधणीतच अंतर्भूत असून त्यांचा खर्च भाड्यात समाविष्ट होता, ही गोष्ट ऐतिहासिक दृष्ट्या सर्वांत महत्त्वाची होय. तोवर स्वयंपाकघरातील सामान भाडेकरूने आणावयाचे असे. आता ते पाण्याच्या नळाप्रमाणे घराचाच एक भाग बनले.

तथापि या रचनेस विरोधही झाला. जर्मन कामगारांच्या घरी स्वयंपाकाची ऊबदार खोली हीच बैठकीची, मुलांच्या अभ्यासाची व पुष्कळदा निजण्याचीही जागा असे. नव्या अरुंद खोलीत दोन व्यक्तींनी एकत्र काम करणे दुष्कर होते. परिणामतः मुलीने आईस अथवा पतीने पत्नीस हातभार लावण्याची शक्यताच आराखड्याने कमी केली. स्त्रीचा वेळ वाचावा म्हणून आखलेल्या खोलीने तिला एकटे पाडले, हा आक्षेप पुढे १९७० नंतरच्या स्त्रीवादी अभ्यासकांनी विशेष जोराने मांडला. आक्षेपात तथ्य आहे. परंतु लिहोत्स्कीचा हेतू स्त्रीस घरात कोंडण्याचा नव्हता. घरकाम लवकर उरकून तिला नोकरी, शिक्षण व विश्रांती यांसाठी वेळ मिळावा, अशी तिची भूमिका होती. ती स्वतः १९३० मध्ये माय याच्यासमवेत सोव्हिएत रशियात गेली. नाझी राजवटीविरुद्धच्या कार्यामुळे १९४१ मध्ये तिला अटक झाली, व १९४५ पर्यंत ती कारावासात होती. पुढे २००० मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी ती निवर्तली.

त्याच काळात मुंबईत काय घडत होते, हे तुलनेसाठी पाहणे अगत्याचे आहे. १९२० मध्ये स्थापन झालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे कामगारांसाठी काँक्रीटच्या चाळी उभारल्या. त्यांतील एका बिऱ्हाडास सुमारे १६० चौरस फुटांची, म्हणजे पंधरा चौरस मीटरच्या आतबाहेरची एकच खोली मिळे. शौचकूप सामायिक असत. फ्रँकफुर्टमध्ये केवळ स्वयंपाकास जितकी जागा योजिली होती, तिच्या अडीच पटींहून कमी जागेत येथे सारा संसार मांडावयाचा होता. स्वयंपाकघर ही स्वतंत्र गणनेची बाब आहे, हेच येथील शासकीय आराखड्यास मान्य नव्हते. साहजिकच एकट्याने राहणाऱ्या गिरणी कामगाराचे अन्न खाणावळीत शिजू लागले. खाणावळ चालविणाऱ्या स्त्रियांनी स्वयंपाकाचे श्रम मोबदल्यास पात्र असल्याचे व्यवहारात दाखवून दिले. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये स्थापिलेल्या अन्नपूर्णा महिला मंडळाने अशा स्त्रियांना संघटित रूप दिले. हा मार्ग फ्रँकफुर्टहून सर्वस्वी भिन्न होता.

आणखी एक भेद लक्षणीय आहे. लिहोत्स्कीने गृहिणीस बसून काम करता यावे म्हणून स्टूल योजिले. महाराष्ट्रात चूल, पाट व विळी यांभोवतीचा स्वयंपाक मुळात बसूनच होत असे, आणि आधुनिकतेचे लक्षण म्हणून उभ्याचा ओटा आला. प्रथम स्टोव्ह व नंतर गॅसची शेगडी यांमुळे धूर ओसरला. कडप्प्याच्या व पुढे ग्रॅनाइटच्या ओट्याने वाकण्या-उठण्याचे कष्ट कमी केले, पण तासन्तास उभे राहण्याचे कष्ट नव्याने निर्माण केले.

दुसऱ्या महायुद्धानंतर मापनाचे शास्त्र पुढे गेले. अमेरिकेत लिलियन गिलब्रेथ हिने १९२९ च्या सुमारास पावले मोजून आखलेले स्वयंपाकघर सादर केले होते. इलिनॉय विद्यापीठातील संशोधनातून शेगडी, मोरी व शीतकपाट यांना जोडणाऱ्या त्रिकोणाची कल्पना रूढ झाली. या त्रिकोणाच्या तिन्ही बाजू मिळून २६ फुटांपेक्षा अधिक नसाव्यात, असा दंडक त्यातून निघाला. दुसरीकडे फ्रँक लॉइड राइट याने १९३७ मध्ये मॅडिसन येथील जेकब्स कुटुंबाच्या घरात स्वयंपाकाची जागा बैठकीस जोडून घेतली. नोकर नसलेल्या कुटुंबात स्वयंपाक करणारी व्यक्ती इतरांपासून तुटू नये, हा त्यामागील विचार होता. आजच्या खुल्या स्वयंपाकघराची व मध्यभागी स्वतंत्र ओटा ठेवण्याच्या पद्धतीची परंपरा या दिशेने येते, तर मापात बसणाऱ्या कपाटांची परंपरा फ्रँकफुर्टहून येते.

मात्र खुलेपणालाही मर्यादा आहे. फोडणीचा वास व धूर शोषून घेणारी यंत्रणा नसेल तर तो टिकत नाही. शिवाय पुष्कळ संपन्न घरांत दर्शनी स्वयंपाकघराच्या मागे दुसरे लहान स्वयंपाकघर बांधण्याची प्रथा वाढली आहे. पुढच्या खोलीत पाहुण्यांसमोर चहा होतो, आणि तळणे, भांडी घासणे व केर मागे होतो. ज्या घरी मोलकरीण येते तेथे ही मागची खोली तिची असते. ज्या श्रमाचे एकाकीपण घालविण्यासाठी भिंत पाडली गेली, तो श्रमच दुसऱ्या भिंतीमागे हलविला गेला आहे.

फ्रँकफुर्टच्या स्वयंपाकघराचा एक नमुना न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात जतन केलेला आहे. संग्रहालयात त्याची रेखीवता दिसते, पण त्यामागील नगरपालिका, भाड्याचा हिशेब व घरांची टंचाई दिसत नाही. सारांश, आराखडा श्रम कमी करू शकतो, परंतु श्रम कोणी करावयाचे हे तो ठरवू शकत नाही. त्या निर्णयास तो अनुकूल अथवा प्रतिकूल एवढाच होऊ शकतो. म्हणून स्वयंपाकघराच्या इतिहासकाराने खोलीची लांबी-रुंदी मोजल्यावर न थांबता, तीत किती जणांना एका वेळी उभे राहता येते आणि प्रत्यक्षात कोण उभे राहते, याचीही नोंद केली पाहिजे.