छिन्नीपासून प्लाझ्मापर्यंत

लोखंड तापविणे सोपे, कापणे कठीण, हे लोहाराच्या घरी जन्मलेल्या मुलास कोणी शिकवावे लागत नाही. अमडापूर व भोवतालच्या खेड्यांत वखराची पास, डवऱ्याचे पाते, गाडीच्या चाकाची धाव ही कामे आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या केली व खळ्यावर धान्याचे बलुते घेतले. पट्टी लाल करून ऐरणीवर धरावयाची, तीवर छिन्नी टेकवावयाची आणि साथीदाराने घण घालावयाचा, ही त्या काळची रीत. जाड पत्र्यातून वाकडा आकार काढणे म्हणजे दिवस घालविणेच होते.

१९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली आणि तेथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. गावच्या भात्याचे काम कारखान्याकडे वळू लागल्याची ही ठळक खूण, असे आम्हांस वाटते. त्याच सुमारास युरोपात ऑक्सिजनच्या ज्योतीने लोखंड कापणे रूढ होत होते. आपले कारागीर यालाच 'गॅस कटिंग' म्हणतात. या रीतीत लोखंड नुसते वितळत नाही, ते ऑक्सिजनात चक्क जळते. स्टेनलेस पोलाद व ॲल्युमिनिअम यांपुढे मात्र ही रीत हात टेकते. कारण त्यांवर धरणारी ऑक्साइडची साय मूळ धातूहून फार उशिरा वितळते.

ही अडचण विजेने दूर केली. अमेरिकेतील युनियन कार्बाइड कंपनीच्या रॉबर्ट गेज यांना १९५७ साली या युक्तीचे पेटंट मिळाले. तांब्याच्या अरुंद तोंडातून हवा अथवा नायट्रोजन जोराने सोडतात आणि आतील विद्युत्‌ध्रुव व खालचा पत्रा यांमध्ये विजेची ज्योत पेटवितात. वायू इतका तापतो की त्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात. पदार्थाच्या या अवस्थेस लँगम्यूर या शास्त्रज्ञाने १९२८ साली 'प्लाझ्मा' हे नाव दिले. लोखंड १५३८ अंशांस वितळते. ही ज्योत वीस हजार अंशांच्या घरात जाते. धातू वितळतो व तोच झोत त्यास खाली उडवून लावतो. वीज वाहून नेणारा कोणताही धातू असा कापता येतो. लाकूड वा दगड मात्र नाही.

आता हात कोणाचा? १९५२ साली अमेरिकेत छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरील आकड्यांनी यंत्र चालवून दाखविण्यात आले. आज त्या पट्टीच्या जागी संगणक आला आहे. आकृतीतील प्रत्येक बिंदूचे क्ष आणि य हे अंक तो मोटारींना पुरवितो व ज्योत त्या वाटेने फिरते. आम्ही फळ्यावर हेच अक्ष काढीत असता "गुरुजी, याचा उपयोग काय?" असे विचारणाऱ्यांत आपल्या समाजाची मुलेही असत! एका पत्र्यात अधिकांत अधिक तुकडे बसविण्याची आखणीही संगणकावरच होते. ट्रॉलीचे सांगाडे, मळणीयंत्रांचे भाग, टाक्या, फाटकांची नक्षी, इमारतींच्या जोडपट्ट्या अशी कामे या रीतीने होतात. पातळ पत्र्यावरील बारीक कामास लेझर अधिक चांगला. प्लाझ्माची कड किंचित तिरपी येते, खाली मळीही चिकटते. धूर व डोळे दिपविणारा प्रकाश यांपासून जपावे लागते, काळी काच डोळ्यांवर हवीच.

हे यंत्र लाखांच्या भावाचे असल्यामुळे मालक एक आणि कारागीर दुसरा, अशी फारकत होते. बलुतेदार गरीब होता, पण भाता त्याचा स्वतःचा होता. समाजातील आय. टी. आय. शिकलेल्या तरुणांनी चार-पाच घरे मिळून असे यंत्र घ्यावे, असे आम्ही सुचवितो. तांब्याचे तोंड व ध्रुव झिजत जातात. ते केव्हा बदलावे, हे कापाची कड आणि ठिणग्यांचा फवारा पाहून ओळखावे लागते, आणि त्या कामी लोहाराच्या घरची नजर अजून उपयोगी पडते.