खटक्याचा की हाताचा?

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरी आकाशकंदील विकत आणावा की घरी करावा, यावर एक परिषद भरते. गेल्या वर्षी नातवाने 'घरीच करायचा' असा ठराव मांडला आणि तो एकमताने संमतही झाला. मात्र कामट्या तासायला घरात धड चाकू नाही, ही गोष्ट ठराव संमत झाल्यावर उघडकीस आली. तेव्हा गुरुवारी आम्ही दोघे पडेगावहून निघालो आणि दौलताबादेकडून भरधाव येणाऱ्या गाड्यांना वाट देत देत छावणीच्या आठवडी बाजारात पोहोचलो.

बाजाराच्या एका कडेला पोत्यावर कात्र्या, अडकित्ते, सुऱ्या आणि कुलपे मांडून एक पोरगेलासा दुकानदार बसला होता. मिटणारा चाकू हवा म्हणताच त्याने दोन चाकू पुढे केले. दोन्ही बोटभर पात्याचे. एक साधा, पात्यावर नखापुरती खाच असलेला, दोन हातांनी उघडावयाचा. दुसऱ्याच्या पात्याला एक लहानसा खुंटा होता. अंगठ्याने तो जरासा ढकलला की उरलेले काम आतली स्प्रिंग करी आणि पाते खट्‌दिशी जागेवर येऊन बसे. "बोलो चाचा, खटकेवाला के सादा?" दुकानदाराने विचारले. नातवाचे डोळे अर्थातच खटक्यावर खिळलेले. मी 'साधा' म्हणालो. "का?" नातवाने विचारले. वाचकहो, त्या एका अक्षराचे उत्तर मला तिथल्या तिथे देता आले नाही. पुढे वर्षभर जे काही वाचले, आठवले आणि जुळवले, ते आज सांगतो.

आपल्याकडची जुनी हत्यारे डोळ्यांपुढे आणून पाहा. तलवार, कट्यार, बिचवा, पट्टा. यांतले एकही मिटत नाही. शस्त्राला म्यान असते, मिटते ते अवजार. शत्रू समोर उभा असताना बिजागरीवर विसंबून राहण्याइतका वेडा शिपाई कोणी नसतो. त्यामुळे मिटणाऱ्या पात्याचा इतिहास शोधावयाचा तर शस्त्रागारात जाऊन भागत नाही. न्हाव्याच्या धोकटीत आणि स्वयंपाकघरात शिरावे लागते.

धोकटीतला वस्तरा हा आपल्याकडचा सर्वांत ओळखीचा मिटता चाकू. त्याला ना स्प्रिंग, ना कुलूप. पात्याच्या शेपटीवर बोट ठेवले की तो उघडतो आणि खिळा जितका आवळ असेल तितका तो स्थिर राहतो. बाकी सारे कारागिराच्या हातावर. आपण पिढ्यान्‌पिढ्या आपले गळे या असल्या बिनकुलपाच्या पात्यापुढे डोळे मिटून धरीत आलो, यावरून माणसाचा माणसावर विश्वास किती असतो ते कळावे!

दुसरी घडीची विळी. घरात रांगते मूल असले म्हणजे तिचे महत्त्व समजते. भाजी चिरून झाली की पाते पाटावर आडवे पडते आणि विळी भिंतीशी जाऊन बसते. पाते उभे करताना आमची आई एक हात पाटावर ठेवी, दुसऱ्याने पाते उचली, ते नीट बसले की नाही हे हलवून पाही आणि मगच पाटावर बसे. या विळीला खटका बसवावा असे कोणाला सुचले नाही, आणि ते बरेच झाले. नारळ खवायच्या दातेरी टोकासकट ते पाते आपणहून उभे राहू लागले असते तर सणासुदीला स्वयंपाकघरात काय हाहाकार उडाला असता!

आपल्या कारागिरांना स्प्रिंगच ठाऊक नव्हती म्हणावे, तर तेही खरे नव्हे. जुन्या देशी कुलपांच्या पोटात पोलादी कमानीच असत. किल्ली आत सरकली की त्या दबत आणि कडी मोकळी होई. चकमकीच्या बंदुकीचा घोडाही कमानीच्याच जोरावर पडे. आणि पोलादाविषयी तर बोलावयासच नको. गोवळकोंड्याच्या मुलखातील कोनासमुद्रम येथले पोलाद इराणपर्यंत जात होते. म्हणजे कमान ठाऊक होती, पोलाद हाताशी होते, तरीही वस्तऱ्याला आणि विळीला कोणी खटका लावला नाही. गरजच नव्हती, असे माझे मत आहे. ज्या पात्याशी रोज काम पडते ते सावकाश उघडलेलेच बरे.

औरंगाबाद ही मोगलांची दक्षिणेतली राजधानी झाल्यावर या गावात तलवारीइतकीच लेखणीही चालली. 'तारीखे दिलकुशा' लिहिणारा भीमसेन सक्सेना याच औरंगाबादेत वाढला. दप्तरातल्या प्रत्येक कारकुनाच्या कलमदानात दौतीच्या शेजारी एक चाकू असे, बोरूचे टोक तिरपे छाटण्यासाठी. त्याला फारसीत कलमतराश म्हणत. संग्रहालयांत जे कलमतराश दिसतात त्यांपैकी पुष्कळांचे पाते बारीक, दांडा लांब आणि घडण सरळ असते. कलमदानच त्यांचे म्यान, मग मिटायचे कशाला? पुढे सदऱ्याला नि कोटाला खिसे आले आणि मिटणारा चाकू आपल्याकडे घरोघर झाला. तो बहुतेक विलायती असे. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सच्या चाकूवरचा तारा आणि क्रूस ही खूण जगभर ओळखली जाई.

मिटता चाकू मात्र विलायतेत जन्मला असे कोणी समजू नये. ऑस्ट्रियातल्या हालस्टाट येथे हाडाच्या मुठीचा एक मिटता चाकू सापडला आहे, तो सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा. रोमन लोकही असे चाकू बाळगीत. शेफील्डने त्यात पाठीच्या पट्टीची भर घातली. मुठीच्या पाठीत बसवलेली ती पोलादी पट्टी पात्याच्या बुडाला सतत रेटत असते. म्हणून पाते मिटलेले असताना मिटलेलेच राहते आणि उघडल्यावर उघडलेलेच. म्हणजे बाजारात मी ज्याला 'साधा' म्हणालो त्याच्याही पोटात स्प्रिंग होतीच! फरक एवढाच की ती स्प्रिंग उघडणाऱ्याला मदत करीत नाही, उलट अडवते. नख तुटेपर्यंत अडवते, हे शाळेत पेन्सिली तासलेल्या प्रत्येकाला आठवत असेल.

उघडण्यासाठी स्प्रिंग वापरण्याची कल्पना जुनीच, पण तिला बाजार मिळवून दिला तो अमेरिकेने. १८९२ साली न्यू यॉर्कच्या जॉर्ज श्रेड याने बटण दाबताच उघडणाऱ्या चाकूचे पेटंट घेतले. बायकांना नखे न मोडता उघडता येणारा चाकू, शेतकऱ्याला एका हाताने उघडता येणारा चाकू, अशी त्या काळी त्याची ओळख. पन्नासएक वर्षे त्याच्याविषयी कोणाची फारशी तक्रार नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांनी इटलीहून अणकुचीदार बटणाचे चाकू घरी नेले, ते उनाड पोरांच्या हाती दिसू लागले आणि १९५० साली स्त्रियांच्या एका मासिकात 'मारणारे खेळणे' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख आला. मग नाटके आली, चित्रपट आले, आणि १९५८ साली अमेरिकेने बटणाच्या चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर बंदी घातली. पुढच्याच वर्षी इंग्लंडने त्यांची निर्मिती आणि विक्री बंद केली.

आमच्याकडे हीच भूमिका रामपुरीने वठवली. १७७४ साली नवाब फैजुल्लाखानाने वसवलेल्या रामपूरचे कारागीर पुढे मिटत्या चाकूंसाठी नावाजले. रामपुरी उघडताना आवाज करतो, तीच त्याची कीर्ती. काहींच्या पात्याच्या बुडाशी दाते असतात आणि उघडताना त्यांवरून पट्टी कटकट करीत सरकते. स्पेनच्या नवाखा चाकूंतही अशीच दातेरी रचना आढळते. काहींना बटण असते. भाजी चिरणाऱ्याला या आवाजाचा काडीइतका उपयोग नाही. तो ऐकावयाचा असतो समोरच्याने. हिंदी चित्रपटाने हे बरोबर हेरले. १९६५ च्या 'वक्त'मध्ये राजकुमार यांच्या एका वाक्याने चाकूला जी प्रसिद्धी मिळाली, ती शेकडो कारागिरांना मिळाली नसेल.

कायद्याची गंमत पाहा. आपला शस्त्र कायदा १९५९ चा, म्हणजे नेमका त्याच सुमाराचा. त्याखालच्या १९६२ च्या नियमांनी ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाते शस्त्रांत धरले आणि घरगुती, शेतीच्या व उद्योगाच्या अवजारांना वगळले. त्यामुळे कोयता वाचला. पाते उघडते कसे, हा प्रश्न त्या नियमांनी विचारलाच नाही. तो विचारला दिल्लीने. तिथल्या प्रशासनाने २९ ऑक्टोबर १९८० रोजी अधिसूचना काढली आणि तीत चक्क 'गरारीदार' आणि 'बटणदार' हे बाजारातले शब्द घातले. गरारी म्हणजे ती दातेरी रचना. स्प्रिंगने वा अन्य यांत्रिक युक्तीने उघडणारे, ७.६२ सेंटिमीटर वा अधिक लांबीचे आणि १.७२ सेंटिमीटर वा अधिक रुंदीचे पाते तीत आले. इंग्रजी कायद्याच्या भाषेत गरारी शिरली, याचे मला फार कौतुक वाटते.

आता आमच्या बाजारातल्या त्या दुसऱ्या चाकूकडे येऊ. तो बटणाचाही नव्हे आणि साधाही नव्हे. बटणाच्या चाकूत स्प्रिंग पात्याला सतत बाहेर ढकलत असते आणि एक अडसर तिला रोखून धरतो. बटण दाबले की अडसर हटतो. या नव्या जातीत मात्र स्प्रिंग आधी पाते मिटलेलेच ठेवू पाहते. अंगठ्याने पाते थोडे उघडून एका कोनापलीकडे नेले की तीच स्प्रिंग फितूर होते आणि पाते बाहेर फेकते. १९९८ पासून केन ओनियन या अमेरिकी कारागिराच्या रचनेमुळे ही जात फोफावली. २००९ साली तिथल्या सीमाशुल्क खात्याने तिलाही बटणाच्या चाकूत गणण्याचे मनावर घेतले, तेव्हा एवढी ओरड झाली की त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती करावी लागली. ज्या पात्याचा कल मिटण्याकडे आहे आणि जे उघडायला हाताने जोर लावावा लागतो ते निर्दोष, असा तिचा आशय. मिटण्याकडे कल! माणसांनाही ही कसोटी लावता आली असती तर किती खटले वाचले असते.

एवढे वाचल्यावर माझी बाजू भक्कम झाली असे मला वाटू लागले होते. रोजच्या कामाला हाताचा चाकू, दरारा दाखवायला खटक्याचा. पण १९५८ चा तो अमेरिकी कायदा पुन्हा वाचताना एका अपवादावर मी अडखळलो. ज्याला एकच हात आहे अशा माणसाने ३ इंचांपर्यंतच्या पात्याचा बटणाचा चाकू जवळ बाळगला तर तो गुन्हा नव्हे, असे त्यात लिहिले आहे.

आणि मला आमचे मामा आठवले. मामांचा डावा हात कडबा कापण्याच्या यंत्रात गेला, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. हात गेल्यावरही त्यांची पेरूची बाग होती आणि खिशात चाकू होता. तो ते दातांनी उघडत. मूठ उजव्या हातात, पात्याची खाच दातांत, मान झटकन मागे. बागेत आलेल्या आम्हां भाचरांना पेरू कापून देताना ते आधी आमच्याकडे पाठ करीत. आम्हांला वाटे, मामा काही जादू करतात. त्यांना कोणी पाहू नये असे वाटत होते, हे मला फार उशिरा कळले. पुढे समोरचा एक दात अर्धा उडाला, तरी चाकू तोच राहिला. अंगठ्याच्या जोराने उघडणारा चाकू तेव्हा आमच्या मुलखात कोणी पाहिला नव्हता आणि बटणाचा चाकू खिशात ठेवणे म्हणजे गावात गुंड म्हणवून घेणे. मामा भिडस्त होते.

मामांचा चाकू मामींनी मला दिला, तो पेटीच्या तळाशी पडून होता. वर्ष संपता संपता शोधून काढला. खाचेच्या दोन्ही बाजूंना पाते घासून गुळगुळीत झाले आहे. तो नातवाच्या हाती दिला आणि मामांची हकीकत सांगितली. त्याने डावा हात पाठीमागे धरला, चाकू तोंडाशी नेला, मग थांबून म्हणाला, "आजोबा, मामांना तो खटक्याचा घेऊन द्यायला हवा होता."

मी हो म्हणालो. यंदाही आकाशकंदील घरीच होणार आहे. कामट्या त्याच साध्या चाकूने तासायच्या असे ठरले असून आत्तापर्यंत दोन मोडल्या आहेत.