सात सूत, दहा सूत

सिंहगडाच्या चढावर माझी सायकल कुरकुरायची. उभं राहून पेडल मारलं की हँडलच्या मध्यातून 'कट्' असा आवाज यायचा. दोन महिने मी तो चेनचा समजून चेनला तेल पाजत होतो. शेवटी एका रविवारी हँडल उघडलं, तर स्टेमच्या जबड्यातून बिअरच्या कॅनची कापलेली पट्टी निघाली, दुहेरी घडी घातलेली. जबडा संपतो तिथे, हँडलच्या ॲल्युमिनियमवर केसाएवढी चीर होती. आदल्याच दिवशी या हँडलवर सगळा भार टाकून मी गडावरून चाळीसच्या वेगाने खाली आलो होतो.

सायकल ऐंशीच्या दशकातली, इटालियन, स्टीलची. जर्मनीत ऑनसाइट असताना जुन्या बाजारात घेतली आणि खोक्यात घालून पुण्याला आणली. व्हर्नियर लावला तर हँडल २६.० मिलिमीटर आणि स्टेमचा जबडा २६.४. कॅनच्या पत्र्याची जाडी साधारण ०.१, घडी घातली की ०.२, दोन्ही बाजू धरून ०.४. हिशोब चोख होता. आधीचा कोण मालक होता त्याला गणित येत होतं, एवढं मान्य करायला हवं. फक्त तशी पट्टी सरकते, म्हणून मग बोल्ट आवळत जावा लागतो, आणि जबड्याची कड मऊ धातूत रुतते.

पण हे २६.४ आलं कुठून? स्टेम सिनेलीचा होता. चिनो सिनेली हा स्वतः शर्यती मारलेला माणूस: १९३८ची जिरो दि लोम्बार्दिया आणि १९४३ची मिलान–सान रेमो त्याच्या नावावर आहे. १९४८ साली त्याने मिलानमध्ये कंपनी काढली आणि त्याची हँडलं पुढे अनेक दशकं शर्यतींत मिरवली. 'जिरो द'इतालिया', 'क्रितेरियुम' अशी वळणांची नावं होती. आणि माप स्वतःचं, २६.४. शेजारच्या इतर इटालियन कारखान्यांची मापं २६.०च्या आसपास, फ्रेंचांचं २५.०, इंग्रजांचं २५.४. म्हणजे सिनेलीचं हँडल घेतलंत की स्टेमही सिनेलीचाच. आमच्या धंद्यात याला व्हेंडर लॉक-इन म्हणतात आणि त्याबद्दल शिव्या देतात. सिनेलीला मात्र सगळे कलावंत म्हणतात. नव्वदच्या दशकात कंपनीनेही मुकाट २६.० स्वीकारलं, आणि माझ्या सायकलीसारख्या हजारो सायकली मधल्या मधे अडकल्या.

पेठेतल्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी व्हर्नियरकडे बघितलंही नाही. चिमट्याच्या नळीत उतरणारा स्टेमचा दांडा बोटांत फिरवला आणि म्हणाले, "हे सात सूत. आपल्या साध्या सायकलला असतं तेच."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सात सूत म्हणजे २२.२ मिलिमीटर. बरोब्बर. इटलीत मीटर-लिटर एकोणिसाव्या शतकातच रुजले, तरी तिथल्या रेसिंग सायकलीच्या चिमट्याची नळी बाहेरून एक इंच आणि आतून सात सूत. सायकलीचं यंत्र इंग्लंडमध्ये घडलं, त्याचं माप त्याच्यासोबत सगळीकडे गेलं. आपल्याकडे १९५६ साली दशमान मापांचा कायदा झाला, पण मिस्त्रीच्या तोंडातलं सूत काही गेलं नाही. हट्टाने वेगळे राहिले ते फ्रेंच: त्यांची नळी २५ मिलिमीटर, दांडा २२.०. फ्रेंच सायकलीत सात सुताचा स्टेम जात नाही, आणि ठोकून घालणारे लोक नळी फाडतात.

मग मी घरी येऊन नवी मापं तपासली, आणि हसू आलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डाया-कोम्पेने 'अहेडसेट' आणला. पाचर आवळून नळीच्या आत बसणारा दांडा गेला, नळीच वर काढून स्टेम तिला बाहेरून पकडायला लागला. ती नळी २८.६, म्हणजे नऊ सूत. पुढे हँडलचा मध्य जाड होऊन ३१.८ झाला. ते दहा सूत! कार्बनची, पवनबोगद्यात तपासलेली हँडलंही सुतातच मोजता येतात. २६.४ मात्र कुठल्याच सुतात बसत नाही.

जाड हँडलमागे कारण आहे. भिंतीची जाडी तेवढीच ठेवून २६.०चं ३१.८ केलं तर ताठपणा सुमारे १.८ पट होतो. स्टेमला पुढून उघडणारं झाकण आलं, हेही सोयीचं. जुन्या स्टेममधून आख्खं वळणदार हँडल ओवून काढावं लागतं आणि तेव्हाच त्यावर ओरखडे पडतात. पण काही गमावलंही. जुना स्टेम एक बोल्ट सैल करून बोटभर वर घेता यायचा. दिवसभर लॅपटॉपपुढे वाकलेल्या माणसाला त्याची किंमत कळते. नव्यात नळी एकदा कापली की कापली. आणि नवं म्हणजे अभंग असंही नाही: २००६च्या पॅरिस–रूबेमध्ये जॉर्ज हिनकॅपीच्या चिमट्याची नळीच तुटली, आणि हातात सुटं हँडल घेऊन तो पडला.

काका म्हणाले, "नवी पट्टी टाकू की. चालतंय." मी नाही म्हटलं. स्टीलला ठरावीक मर्यादेखालचा ताण कितीही वेळा सोसतो, ॲल्युमिनियमला तशी मर्यादाच नसते. म्हणून वापरलेलं जुनं २६.४चं हँडल शोधणंही बाद. सात सुताच्या नळीत अडॅप्टर घालून दहा सुताचं हँडल बसवता येतं. ते मजबूत असतं, पण त्या बारीक फ्रेमवर बघवत नाही. हे कारण इंजिनिअरला शोभत नाही, ठीक आहे.

शेवटी जपानच्या निट्टोचा सात सुताचा स्टेम आणि २६.०चं हँडल मागवलं. रुंदी ४२ सेंटिमीटर, खांद्याच्या हाडांएवढी. मागवण्याआधी ते माप नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत आहे की बाहेरून बाहेर, हे विचारून घेतलं; त्यात जवळजवळ अडीच सेंटिमीटरचा फरक पडतो. दोन्ही व्हर्नियरने मोजले, मगच टेप गुंडाळली.

जुनं हँडल काका ठेवून घ्यायला तयार होते, "कुणाला तरी लागेल." मी त्यांच्याकडून करवत मागितली आणि चिरेवरच दोन तुकडे केले. फार जोर लावावा लागला नाही.