खिडकी गोठू नये म्हणून

रत्नागिरीत हिवाळ्यात एकच वस्तू गोठते : खोबरेल तेल. बाकी काही गोठायला इथे थंडी लागतेच कुठे! डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटेही पारा सहसा पंधराच्या खाली उतरत नाही. पण खोबरेलाला चोवीस अंशांच्या खाली गेलं की पुरतं. बाटलीत पांढरा गोळा होऊन बसतं. मग आजी म्हणायची, "ती बाटली उन्हात ठेव रे, नायतर न्हायचं राहील." गोठणं म्हणजे काय आणि त्यावर इलाज काय, हे कोकणातलं पोर एवढंच शिकतं.

माझा मावसभाऊ मालवाहू जहाजावर आहे. गेल्या जानेवारीत बाल्टिक समुद्रातून त्याचा व्हिडिओ कॉल आला. जहाजाच्या माथ्यावर सुकाणूची खोली असते, तिला ब्रिज म्हणतात. तिच्या काचा पुसायला त्याला पाठवलं होतं. बादली घेऊन बाहेर गेला, पहिली काच ओली केली, आणि वायपर फिरवेपर्यंत काचेवर बर्फाची साय धरली. वायपरचं रबर लाकडासारखं कडक, फडका हातात पापडासारखा ताठ. "आजीची बाटली आठवली," तो हसत म्हणाला, "पण इथे ऊनच नाय."

फोन ठेवल्यावर एक प्रश्न डोक्यात राहिला. आमच्या किनाऱ्यावरची माणसं आज पहिल्यांदा त्या समुद्रात गेलेली नाहीत. शंभर वर्षांपूर्वीही रत्नागिरीचे खलाशी जगभरच्या आगबोटींवर होते. गोठलेल्या काचेसमोर ते काय करत असतील? शोधायला लागलो तेव्हा काचेपेक्षा मोठी गोष्ट हाती आली.

गोडं पाणी की खारं?

आधी काचेचं गणित समजून घेऊ. समुद्रकाठी राहणाऱ्याला ते अर्धं माहीतच असतं. मांडवीकडच्या कुठल्याही घराची खिडकी सकाळी पुसा, संध्याकाळी बोट फिरवलं की मिठाचा थर लागतो. वाऱ्याबरोबर तुषार येतात, पाणी उडून जातं, मीठ काचेवर राहतं. भर समुद्रात हेच शंभर पटीनं होतं. ब्रिजच्या काचेवर मिठाची खापी धरली तर समोरचा दिवा, होडी, खडक, काहीच धड दिसत नाही. म्हणून ती काच पुसणं ही टापटीप नसते, त्यावर जहाजातल्या सगळ्यांचा जीव असतो.

आता थंडी घाला. समुद्राचं पाणी साधारण उणे १.९ अंशांना गोठतं, गोडं पाणी शून्याला. म्हणजे बादलीत खारं पाणी घेतलं तर ते थोडं उशिरा गोठेल. पण खाऱ्या पाण्यानं पुसलेली काच वाळली की पुन्हा मीठ! मीठ काढायला गोडंच पाणी हवं, आणि नेमकं तेच आधी गोठतं. कढत पाणी ओतावं, तर बर्फासारखी थंड काच तडकते.

यातून खलाशांनी आणि दीपगृहातल्या रखवालदारांनी वाटा काढल्या. पाण्यात स्पिरिट मिसळायचं, कारण शुद्ध अल्कोहोल उणे ११४ अंशांपर्यंत गोठत नाही आणि पाण्यात पडलं की पाण्यालाही सहजी गोठू देत नाही. काचेवर ग्लिसरिनचा हलका हात फिरवायचा, म्हणजे दव धरत नाही. नळी वापरून झाली की तिच्यातलं पाणी थेंबनथेंब काढून टाकायचं, कारण पाणी गोठताना फुगतं आणि नळी फाटते. डेकवरची वाफेवर चालणारी यंत्रं काम नसतानाही हळूहळू फिरती ठेवायची, नाहीतर आत साचलेलं पाणी गोठून लोखंड चिरतं. फडका, वायपर, बादली वापरून झाल्यावर आत, उबेला न्यायची. मावसभावानंही शेवटी हेच केलं : कोमट पाणी, त्यात अल्कोहोल, एका वेळी एकच काच, आणि सगळं सामान लगेच आत.

सामान आत नेता येत होतं. सामान हाताळणाऱ्या माणसाचं काय?

३६ घनफूट

तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ साली. बाणकोटपासून खाली सगळ्या खाड्यांमधून माणसं मुंबईला जायची. काही गिरणीत, काही गोदीत आणि काही थेट बोटीवर. मुंबईहून सुटणाऱ्या ब्रिटिश आगबोटींवर कामाची वाटणी गावांनुसार ठरून गेलेली असे : जेवणघर आणि सलून गोव्याच्या माणसांकडे, इंजिनखाली कोळसा ओढायला पंजाबी आणि पठाण, आणि डेकवर रत्नागिरी, काठेवाड, सुरतकडचे दर्यावर्दी. डेकवरच्यांचा मुकादम तो सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, त्याच्या हाताखाली खलाशी. इंग्रज या सगळ्यांना मिळून 'लास्कर' म्हणत. डेक धुणं, दोर ओढणं, रंग देणं, पितळ घासणं, काचा पुसणं ही कामं त्यांची.

१९१४ साली ब्रिटिश व्यापारी जहाजांवर असे पन्नास हजारांवर लास्कर होते. त्यांचा करार वेगळा होता, गोऱ्या खलाशांचा वेगळा. पगार गोऱ्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका. १८९४ च्या ब्रिटिश जहाजकायद्यानुसार गोऱ्या खलाशाला झोपायला-राहायला ७२ घनफूट जागा मिळे, लास्कराच्या वाट्याला मात्र ३६ च येत. पुढे १९०६ मध्ये गोऱ्यांची जागा १२० घनफूट झाली. लास्कराची ३६ वरच राहिली. ३६ घनफूट म्हणजे सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच. घरातल्या पोलादी कपाटापेक्षा थोडीशी मोठी पेटी.

अडतीसावा अंश

याच करारांमध्ये आणखी एक अट असायची. हिवाळ्यात, साधारण ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांत, लास्करांना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ३८ अक्षांशाच्या उत्तरेला न्यायचं नाही. नकाशा उघडून पाहा. रत्नागिरी १७ अंशांवर आहे. न्यूयॉर्क ४० च्या पुढे, बोस्टन ४२ च्या, हॅलिफॅक्स ४४ च्या. म्हणजे हिवाळ्यात या सगळ्या बंदरांची दारं रत्नागिरीच्या खलाशाला बंद.

कारण काय? तर उष्ण देशातल्या माणसाला ती थंडी सोसणार नाही. ऐकायला ही काळजी वाटते. आणि थंडी खोटी नव्हती. पातळ सुती कपड्यांत उत्तर अटलांटिकच्या वाऱ्यात उभं राहिलेल्या माणसाला न्यूमोनिया होतोच, मग तो राजापूरचा असो की लिव्हरपूलचा.

पण हा आग्रह धरणाऱ्यांत कोण होतं तेही पाहायला हवं. हॅवलॉक विल्सन यांच्या पुढारपणाखालची ब्रिटिश खलाशांची संघटना स्वस्त आशियाई मजुरांविरुद्ध वर्षानुवर्षं लढत होती. त्यांची भीती समजण्यासारखी आहे : चौथ्या हिश्श्यात माणूस मिळत असेल तर मालक आपल्याला कशाला घेईल? यावर सरळ उपाय होता, सगळ्यांना सारखा पगार मागण्याचा. तो झाला नाही. त्याऐवजी रेघ मारली गेली. मालकांना ही रेघ चालली, कारण तिच्या दक्षिणेला स्वस्त मजूर तसाच राहत होता. संघटनेला चालली, कारण उत्तरेला गोऱ्यांचं काम राखलं जात होतं. कोकणातल्या माणसाचा देहच थंडीला नालायक आहे, असं मात्र त्या रेघेनं कागदावर लिहून ठेवलं. त्याला विचारलं कोणीच नाही.

फिरणारी काच

याच काळात खिडकीची काळजी कशी घेतली जात होती, हे शेजारी ठेवून पाहा.

१९१७ साली ब्रिटनमध्ये सॅम्युअल डी नॉर्मनव्हिल आणि लेस्ली केंट यांनी एका खिडकीचं पेटंट घेतलं. मोठ्या काचेत बसवलेली एक गोल तबकडी, मधोमध छोटी मोटर. तबकडी इतक्या वेगानं फिरते की तिच्यावर पडलेला पाण्याचा थेंब, तुषार, हिमकण कडेला फेकला जातो. पुसायची गरजच नाही. पुढे तिला बर्फ धरू नये म्हणून विजेची ऊबही देऊ लागले. आजही अनेक जहाजांच्या ब्रिजवर ही फिरती काच दिसते.

मोठी हुशारीची गोष्ट आहे, आणि गरजेचीही. कडाक्याच्या थंडीत वारा सुटला की उडालेले तुषार जहाजावर पडता पडताच गोठतात आणि वजन चढत जातं. २६ जानेवारी १९५५ ला आइसलंडच्या उत्तरेला लोरेला आणि रॉडेरिगो ही दोन ब्रिटिश मासेमारी जहाजं अशीच बर्फाच्या ओझ्यानं उलटली. ४० माणसं गेली. त्यात लास्कर नव्हता, सगळे थंड देशातलेच. थंडी कोणाचा पासपोर्ट बघत नाही.

म्हणून मला ती फिरती काच पाहिली की एक गोष्ट खटकते. खिडकीला कोणी म्हणालं नाही की तुझी जात उष्ण प्रदेशातली, तू अडतीसाव्या अंशापलीकडे जाऊ नकोस. खिडकी गोठते म्हटल्यावर तिला मोटर दिली, ऊब दिली. नळी गोठते म्हटल्यावर ती रिकामी करायचा नियम केला. माणूस गोठतो म्हटल्यावर त्याला लोकरीचा कोट, कढत जेवण, सुकं अंथरूण आणि ३६ ऐवजी ७२ घनफूट देता आले असते. कराराच्या यादीत गरम कपडे आणि कांबळं असे, पण जिथे पगारच पाव, तिथे कांबळ्याचा कस काय असणार!

युद्धात थंडी संपली

मग युद्धं आली आणि गंमत पाहा. माणूस कमी पडू लागल्यावर ती रेघ मागे पडली. दुसऱ्या महायुद्धात भारतीय खलाशी भर हिवाळ्यात उत्तर अटलांटिक ओलांडत होते, न्यूयॉर्कच्या गोदीत उतरत होते. ज्या देहाला थंडी सोसत नाही म्हणत, तोच आता पाणबुड्यांच्या टप्प्यात, बर्फ धरलेल्या डेकवर पहारा देत होता.

यावेळी खलाशी गप्प राहिले नाहीत. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटनच्या बंदरांत भारतीय खलाशांनी बोटी अडवल्या. धोका सारखा तर पगार का नाही, असा त्यांचा सवाल होता. अनेकांना तुरुंगात घातलं गेलं. पण पगार वाढवावे लागले. गोऱ्यांच्या बरोबरीचे मात्र झाले नाहीत.

त्या युद्धात सुमारे ६,६०० भारतीय खलाशी मेले. पहिल्या महायुद्धात ३,४०० च्या वर. बहुतेकांना कबर नाही, चिता नाही. मुंबईत मशीद बंदरला खलाशांचं वसतिगृह आहे. तिथे त्यांची स्मारकं आहेत : पहिल्या युद्धातल्या दोन हजारांवर माणसांचं, आणि दुसऱ्या युद्धातल्या साडेसहा हजारांच्या आसपास नावांची नोंदवही, जिची जुळी प्रत चितगावला आहे. मशीद बंदरला आपण सुकामेवा नाहीतर मसाला घ्यायला जातो. तिथून काही मिनिटांवर हे आहे, हे मला तिशी येईपर्यंत माहीत नव्हतं.

मावसभावाला हे सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, त्याच्या जहाजावर युक्रेनचा एक जण त्याच्याच हुद्द्यावर आहे, पगार वेगळा. का, ते विचारायचं नसतं. पण कोट मात्र दोघांना एकाच कपाटातून मिळतो, एकाच मापाचा, दोघांनाही ढगळ.

काचेचं काय झालं, मी विचारलं. पुसली म्हणाला. बारा काचा, पाऊण तास. नंतर आत येऊन हात बराच वेळ चहाच्या कपाला लावून बसला होता. बोटं सैल झाली तेव्हा पहिला फोन त्यानं मला लावला होता.