पुस्तकाचे नाव कसे लिहावे?

रेडिओवर अवतरणचिन्ह ऐकू येत नाही. ‘श्यामची आई वाचली’ एवढेच कानावर पडले, तर साने गुरुजींचे पुस्तक कुणी वाचले की आजारी बाई बरी झाली, हे ज्याचे त्याने ठरवायचे. छापताना नावाभोवती दोन बारीक खुणा दिल्या की भागते.

मित्रहो, ही खूण आपल्याकडे उशिरा आली. पोथीत शब्दसुद्धा सलग लिहिलेले असत. ग्रंथ आपले नाव सांगे ते शेवटी, ‘इति श्री’ म्हणून. उर्दूत शायराच्या तखल्लुसावर एक छोटे चिन्ह असते, म्हणून ‘गालिब’ म्हणजे कवी की विजयी, हा घोटाळा होत नाही. मराठीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेजर कँडी यांनी इंग्रजीच्या धर्तीवर विरामचिन्हे रूढ केली आणि पुढे ग्रंथाचे नाव एकेरी अवतरणात बसू लागले.

इंग्रजीची रीत निराळी. तिथे पुस्तकाचे नाव तिरप्या टाइपात, लेखाचे किंवा छोट्या कवितेचे अवतरणात. हा तिरपा टाइप व्हेनिसच्या आल्दुस मानुतियुसने १५०१ साली व्हर्जिलचे आख्खे काव्य छापायला वापरला. नावे दाखवण्याचे काम त्याला नंतर मिळाले. हाताने लिहिताना नावाखाली रेघ मारतात, ती जुळाऱ्याला सूचना असे. देवनागरी अक्षरे तिरपी केली, तर वाऱ्याने कललेल्या ज्वारीसारखी दिसतात. आपले अवतरणच बरे.

इंग्रजी रीत तपासायला एक ग्रंथ सोलापूरचाच आहे. इथल्या जैन संस्कृती संरक्षक संघाने जीवराज जैन ग्रंथमालेत १९४३ साली ‘तिलोयपण्णत्ती’चा पहिला भाग काढला, संपादक आ. ने. उपाध्ये आणि हिरालाल जैन. मालेतला दुसरा ग्रंथ १९४९ चा, ‘यशस्तिलक अँड इंडियन कल्चर’. लेखक आसामचे कृष्णकांत हंदिकी. विषय सोमदेवसूरीचा इ. स. ९५९ मधला संस्कृत चंपू. म्हणजे नावाच्या पोटात दुसऱ्या ग्रंथाचे नाव! इंग्रजीत बाहेरचे नाव तिरपे असेल, तर आतले सरळ ठेवतात. मराठीत आपण आतल्या नावाला काहीच करत नाही, मग वाचकाला यशस्तिलक हा कुणी राजा वाटतो.

खरी गंमत पुढे आहे. इंग्रजी संदर्भात पूर्वी लेखक, ग्रंथ, गाव, वर्ष असे सगळे द्यावे लागे, आणि या ग्रंथाचे गाव ‘शोलापूर’ आहे, ‘एस’पुढे ‘एच’ असलेले. शहराचे इंग्रजी स्पेलिंग आता ‘एच’शिवाय लिहितात, म्हणून काही उत्साही मंडळी संदर्भातही दुरुस्ती करतात. लेखकाचे आडनावही इतरत्र शेवटी ‘ई’ लावून आढळते, या ग्रंथावर ‘आय’ आहे. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर जे छापले आहे, तेच उतरवायचे. आपल्या अभिमानासाठी अक्षर बदलले, तर यादीत शोधणारा रिकाम्या हाताने परततो आणि ग्रंथ कपाटात तसाच राहतो.

इंग्रजीला एक त्रास मात्र नाही. आपण ‘ज्ञानेश्वरी’ वाचली म्हणतो, ‘दासबोध’ वाचला आणि ‘लीळाचरित्र’ वाचले. शिवाय प्रत्यय लागला की नावच वाकते. ‘दासबोध’मध्ये असे लिहिले, तर नाव शाबूत राहते, पण कानाला खटकते. मी ‘दासबोधा’त असेच लिहितो, अवतरणाच्या आत एक काना जास्तीचा, एवढेच.