अर्जांच्या फेरीचे कुळ

इंटरनेटवरील पत्त्याच्या शेवटच्या टिंबानंतर जे नाव येते, उदाहरणार्थ ‘.कॉम’ किंवा ‘.इन्फो’, त्याला टॉप लेव्हल डोमेन म्हणतात. अशा नव्या नावांसाठीचे अर्ज कॅलिफोर्नियातील आयकॅन ही संस्था बारमाही न घेता फेऱ्यांनी घेते. 2000 साली 47 अर्जांतून सात नावे निवडली गेली, 2004 च्या सुमारास प्रायोजित नावांची छोटी फेरी झाली आणि 2012 मध्ये 1,930 अर्ज आले. त्या वेळच्या अर्जदार-पुस्तिकेत पुढची फेरी मुदत संपल्यापासून वर्षभरात सुरू करण्याचे उद्दिष्ट नोंदवले होते. ती मुदत 30 मे 2012 रोजी संपली, आणि पुढच्या फेरीसाठी नेमलेला दिवस होता 30 एप्रिल 2026.

विलंबाची कारणे कागदोपत्री सापडतात. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याशी 2009 मध्ये झालेल्या करारानुसार नवी नावे वर्षभर वापरात आल्यावर त्यांचा आढावा घेणे आयकॅनला बंधनकारक होते. तो आढावा 2018 मध्ये पुरा झाला, 2016 मध्ये सुरू झालेली धोरणचर्चा 2021 पर्यंत चालली आणि संचालक मंडळाने बहुतेक शिफारशी मार्च 2023 मध्ये स्वीकारल्या. याहून कुतूहलाचा प्रश्न असा की मुळात फेरीच का? 2007 च्या धोरण-अहवालात मागणीचा अंदाज येईपर्यंत ‘सुरुवातीला’ फेऱ्यांनी अर्ज तपासावेत असे म्हटले होते, म्हणजे ही व्यवस्था तात्पुरती होती. तरीही ती टिकली.

तिचे मूळ आकाशवाणीच्या लहरींत शोधावे लागते. मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स आणि मस्कीगॉन या दोन गावांसाठी 1230 किलोसायकल या एकाच लहरीचे दोन अर्ज अमेरिकेच्या संदेशवहन आयोगापुढे आले, तेव्हा आयोगाने पहिला मंजूर करून दुसरा सुनावणीला ठेवला. 1945 च्या ॲशबॅकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जागा आधीच देऊन टाकल्यावर दुसऱ्याची सुनावणी पोकळ ठरते, म्हणून परस्परविरोधी अर्जांचा विचार एकत्रच झाला पाहिजे. एकत्र विचार करायचा तर प्रतिस्पर्धी जमेपर्यंत थांबायला हवे, आणि थांबायचे तर शेवटची तारीख हवी. फेरीचा जन्म या अटीत आहे. 2000 च्या निवडीची आयोगाच्या तुलनात्मक सुनावण्यांशी तुलना विधिज्ञ जोनाथन वाइनबर्ग यांनी 2002 मध्ये केलीच होती, पण तिचा रोख निवडीच्या निकषांवर होता. येथे तीच तुलना कालगणनेपर्यंत ताणली आहे.

प्रतिपक्ष दुबळा नाही. नावांच्या मूळ यादीवर ताण पडू नये म्हणून वर्षाला हजारापेक्षा जास्त नावे घालू नयेत असे ठरले होते. पण ती मर्यादा नावे यादीत चढवण्याच्या वेगाची आहे, अर्ज घेण्याच्या काळाची नव्हे. व्यापारचिन्हांच्या मालकांचा विरोधही खरा, मात्र त्याने दिरंगाई समजते, फेरी समजत नाही. लहरी मोजक्या आणि नावे अगणित, हा आक्षेप अधिक बोचरा; तरी प्रत्येक नाव एकमेव असते, आणि ‘.वेब’साठी सात अर्जदार भांडल्यावर 2016 च्या लिलावात बोली 13 कोटी 50 लाख डॉलरपर्यंत गेली. आयोगही सुनावणीकडून सोडतीकडे आणि 1994 मध्ये लिलावाकडे गेला होता. आयकॅनने 2012 च्या डिसेंबरात अर्ज तपासण्याचा क्रम शंभर डॉलरच्या कागदी तिकिटांची सोडत काढून ठरवला, हा योगायोग मानणे अवघड आहे.

खरा कस मात्र प्रतिस्पर्धी नसतात तिथे लागतो. देशांच्या नावांसाठी, त्यांच्या स्वतःच्या लिप्यांत, नोव्हेंबर 2009 मध्ये वेगळी वाट उघडली आणि तिला अंतिम मुदत नव्हती, कारण एका देशाच्या नावावर दुसरा हक्क सांगत नाही. मराठीलाही उपयोगी पडणारे देवनागरी ‘.भारत’ याच वाटेने आले आणि 2014 मध्ये कोणत्याही फेरीची वाट न पाहता सुरू झाले, ‘.संगठन’ला मात्र 2012 च्या रांगेतून यावे लागले.

2021 च्या शिफारशींनी फेरीच कायम ठेवली. नवी मुदत उघडण्याआधी आयकॅनने तिच्यानंतरच्या फेरीची तारीख तरी जाहीर करावी, किंवा ती उघडण्यापूर्वी कोणत्या गोष्टी घडायला हव्यात हे तरी नेमके सांगावे, एवढी अट त्यांनी जोडली.